शेपटीसकट

"काका, ही शेपटी मूळची नाही," घोड्यामागे उकिडवा बसलेला माणूस म्हणाला.

जुन्या वस्तू विकत घेणारा माणूस हा. लेकीने बोलावून आणलेला. बराच वेळ तो आमच्या लाकडी घोड्याला टिचक्या मारत होता, दात बघत होता, पोटाखाली बॅटरी मारत होता. माझी तब्येत इतकी नीट कुठल्या डॉक्टरने पाहिली नव्हती.

"बाकी माल अस्सल आहे. काचेचे डोळे शाबूत आहेत, डोलतोय पण अजून छान. शंभर वर्षांचा तरी असेल. तुमच्याकडे कुठून आला?"

"बायकोबरोबर," मी म्हणालो.

खरंच होतं ते. हिच्या आजोबांचा फोटो स्टुडिओ होता. लहान मुलांना या घोड्यावर बसवून फोटो काढायचे. रडकं पोर त्याच्यावर बसवून डोलवलं की गप्प व्हायचं, म्हणे. स्टुडिओ बंद झाला तेव्हा कॅमेरे, दिवे, पडदे सगळं विकलं गेलं. घोडा तेवढा हिने मागून घेतला आणि लग्नानंतर आमच्या दोन खोल्यांत आणून ठेवला. लोकांच्या बायका कपाट आणतात, असं मी म्हणालो. ही म्हणाली, "कपाटावर बसता येतं का?"

तेव्हापासून माझ्या पायाची बोटं आणि त्या घोड्याच्या खालच्या वाकड्या पट्ट्या यांचं वैर. उजेडात ठेच, अंधारात ठेच. मी कळवळून ओरडलो की स्वयंपाकघरातून हिचा आवाज यायचा, "घोड्याला लागलं नाही ना?" दर वेळी हेच. इतक्या वर्षांत माझ्या बोटाची चौकशी तिने एकदाही केली नाही. हा घोडा मी चुलीत घालीन, असं मी कितीदा बोललो असेन. आता ही गेली. मी घर आवरून लेकीकडे राहायला निघालो. तिच्याकडे घोड्याला जागा नाही आणि गिऱ्हाईक दारात आलेलं. म्हणजे मला हवं होतं तेच चाललं होतं. तरी सकाळपासून माझं डोकं फिरलेलं होतं.

"मूळची नाही म्हणजे?" लेकीने विचारलं.

"हे घोड्याचे केस नाहीत, ताई. माणसाचे आहेत. काही हरकत नाही, हे टाकून देऊ. मी दुसरी शेपटी लावून घेईन."

लेक माझ्याकडे बघायला लागली. "कुणाचे आहेत, बाबा?"

"तुझ्या आईचे. मूळची शेपटी तू उपटलीस, लहान असताना. मी सुंभाची लावून दिली तर घर डोक्यावर घेतलंस. घोड्याला दोरी नसते म्हणे. दुसऱ्या दिवशी कारखान्यातून आलो तर वेणी कापून टेबलावर ठेवलेली. मला म्हणते, 'अहो, तेवढी बसवून द्या.'"

"मग?"

"मग काय. दोन दिवस बोललो नाही तिच्याशी. तिसऱ्या दिवशी बसवली."

लेक म्हणाली, "जुन्या फोटोत आईचे केस आखूड आहेत. मला वाटायचं, फॅशन म्हणून."

"तुझी आई आणि फॅशन."

मी हत्यारांची पेटी काढली. म्हटलं, शेपटी मी ठेवतो, घोडा घेऊन जा. तो माणूस खूश झाला. पण शेपटी निघेना. दोघांनी मिळून पकड लावली, पटाशी लावली, भोकाच्या कडेने सुरी फिरवली. काही हलेना. केसांच्या मुळाशी आत पाचर ठोकलेली आणि वरून सरस ओतलेला.

"कोणत्या गाढवाने बसवली आहे ही?" तो घाम पुसत म्हणाला.

"मी."

कारखान्यात मी फिटर होतो. माझ्या हातचं काम ढिलं होऊन परत आलं नाही कधी. त्याचा त्या दिवशी मला पहिल्यांदा संताप आला.

"मग काका, सरळ मुळापाशी कापा ना. आत राहील ते मी कोरून काढीन."

लेक स्वयंपाकघरातून कात्री घेऊन आली. तिने केस मुठीत धरले. शेवटी शेवटी हिच्या डोक्यावर विरळ पांढरे केस उरले होते. हे मात्र काळेभोर, आत्ताच विंचरल्यासारखे. लेकीने कात्री उघडली, केसांना लावली आणि तशीच बंद केली.

"एकदा कापलेत तिने," ती म्हणाली. "पुन्हा नको."

"अहो ताई, तुम्हीच बोलावलंत मला. जागा नाही म्हणालात."

"नाहीच आहे जागा," लेक त्याच्यावर खेकसली.

तो माणूस पुटपुटत जिना उतरला. आमच्या मागून टेम्पोत घोडा आला, शेपटीसकट.

आता तो लेकीच्या घरी, माझी खोली आणि न्हाणीघर यांच्यामधल्या बोळात उभा आहे. जावई तिथून अंग चोरून तिरका जातो. बोलत काही नाही, सज्जन माणूस. लेक मात्र रोज म्हणते, "बाबा, याचं काहीतरी करा." मी म्हणतो, "तू कर."

काल सकाळी आंघोळीला जाताना पायाची करंगळी त्याच्या पट्टीवर खाडकन आपटली. मी ओरडलो आणि सवयीने थांबलो. स्वयंपाकघरात नळ चालू होता. कुणी काही विचारलं नाही.

मी वाकलो आणि त्या पट्टीवरून हात फिरवून पाहिला. घोड्याला लागलं नव्हतं.