चार भिंतींतलं रडणं

कायद्याला कान असतात आणि ते पुरुषांचेच असतात, हे थर्स्टनला लहानपणापासून ठाऊक होतं. त्यात काही वावगं आहे असं त्याला कधी वाटलं नव्हतं. वाटायला लागलं ते बहीण गेल्यावर.

त्या बहिणीला, हाविसाला, बापाने लग्नात नदीकाठचं कुरण दिलं होतं. रीत अशी की मूलबाळ न होता मुलगी गेली, तर दिलेली जमीन माहेरी परत यायची. पण तिला मूल झालं आणि घराच्या चार भिंतींत त्याचं रडणं ऐकू आलं, तर पुढे ते जगो न जगो, नवरा ती जमीन मरेपर्यंत खाणार. न्यायाधीशांच्या फ्रेंच बोलीत या हक्काला ‘कर्टसी’ म्हणत, म्हणजे सौजन्य. मेलेल्या बाईच्या कुरणात सौजन्य कुणाचं आणि कुणाशी, हे त्या शब्दाला कुणी विचारत नव्हतं. शिवाय रडणं ऐकल्याची साक्ष पुरुषानेच द्यायची, आणि बाळंतिणीच्या खोलीत तर पुरुषाला मज्जाव. म्हणून दिवस भरले की शेजारपाजारचे बाप्ये घराबाहेर भिंतीला कान लावून उभे राहत.

हाविसाच्या नवऱ्याने, हामोने, शेजारच्या ऑस्बर्टला आणि गिरणीवाल्याला असंच उभं केलं होतं. तिचं लक्षण ठीक दिसेना, तसा तो स्वतः पाद्रीबाबांना आणायला नदीपलीकडे गेला. तेवढ्यात गावाच्या खालच्या अंगाला कुणाची तरी गाय चोरीला गेली आणि हाकाटी उठली. हाकाटी ऐकली की हातातलं काम टाकून धावायचं, नाही धावलं तर राजाचा दंड. दोघे धावले. त्यात त्यांचाही काही दोष नव्हता, पण मूल जन्मलं ते नेमकं तेव्हाच. हामो परत येईपर्यंत ते गेलेलं होतं, आणि दिवस मावळायला हाविसाही गेली.

आता शिरस्त्याप्रमाणे इंग्लंडच्या राजाचे न्यायाधीश लिंकन शहरात आले होते आणि थर्स्टनने कुरणावर दावा लावला होता. त्याची स्वतःची शेतं यंदा पुराखाली कुजली होती. कुरणाचं गवत मिळालं नाही, तर थंडीआधी बैल कापून मिठात घालावे लागणार होते, आणि बैल गेल्यावर नांगराला काय स्वतःला जुंपायचं?

सकाळी निघताना त्याच्या बायकोने, इडोनियाने, भाकरीचा तुकडा आणि खारवलेला मासा फडक्यात बांधून दिला.

“आज तोंड उघडायचं काम नाही तुमचं,” ती म्हणाली. “नुसतं गप्प बसलात तरी कुरण आपलं. एरवी घरात बसता तसं बसा.”

“बसतो,” थर्स्टन म्हणाला.

“आणि त्या शाकारणाऱ्याची दया येऊ देऊ नका. दुसऱ्यांची छपरं शाकारत होता, फिरेल परत तसाच.”

हामोबद्दल थर्स्टनचंही हेच मत होतं. उपरा, हातावर पोट असलेला माणूस बहिणीने पसंत केला, तेव्हा त्याने लग्नातच सांगितलं होतं की तुझ्या दारात पाऊल ठेवणार नाही. आणि तो शब्दाला जागला होता. त्या दिवशीसुद्धा तो दारात गेला नव्हता. हाविसा अडली आहे हे कानावर आल्यावर तो ओढ्याच्या बाजूने, लोकांची नजर चुकवून, घराच्या मागच्या भिंतीशी जाऊन उभा राहिला होता. हाकाटी त्यानेही ऐकली, पण पाय हलले नाहीत. मग कुडाच्या भिंतीतून, अगदी कानाशी, त्याने ते रडणं ऐकलं. एकदाच. हे त्याने बायकोलाही सांगितलं नव्हतं. चोरामागे मीही धावलो, असं तो सगळ्यांना सांगत आला होता.

न्यायासनासमोर ऑस्बर्टने टोपी काढली आणि खाली मान घालून खरं ते सांगितलं. “आम्ही हाकाटीला गेलो, सरकार. रडणं ऐकलं नाही. खोटी शपथ घेऊन नरकात कोण जाईल?”

सुईण गुन्नोरा मागच्या गर्दीतून पुढे आली. “मी ऐकलंय ना. माझ्या या हातात होता पोरगा. पाणी शिंपडून बाप्तिस्मा दिला, ॲडम नाव ठेवलं मी त्याचं. पाद्रीबाबांनी माझा शब्द मानला, आईच्या कुशीत पुरलं त्याला चर्चच्या आवारात.”

“बाई, पाद्रीबाबांचं राज्य वेगळं,” न्यायाधीश म्हणाले. त्यांचा आवाज काही कठोर नव्हता. “या कामी बायकांची साक्ष चालत नाही.”

“म्हणजे माझ्या शब्दावर तो स्वर्गात जातो, आणि गवताची काडी हलत नाही?”

कुणीतरी हसलं. शिपायाने तिला मागे सारलं. हामो एका बाजूला उभा होता. त्याने ना काही मागितलं, ना हात जोडले. नुसता सुईणीकडे बघत राहिला.

न्यायाधीशांनी कारकुनाला निकाल सांगितला. “रडणं कुणी ऐकलेलं नाही. सबब कायद्याच्या दृष्टीने मूल जन्मलंच नाही. कुरण भावाकडे जावं.”

थर्स्टनला पाहिजे होतं ते हेच. आता गप्प बसायचं, भाकरी खायची, घरी जायचं. पण ‘जन्मलंच नाही’ हे त्याच्या पोटात गेलं आणि तिथेच अडकलं. बाप नदीपलीकडे होता, शेजारी चोरामागे. त्या पोराला ऐकलेला एकच पुरुष या जगात होता, आणि तो त्याचा मामा होता. मामाच गप्प राहिला, तर पोर खरंच जन्मलं नव्हतं.

“मी ऐकलं,” तो म्हणाला.

न्यायाधीशांना वाटलं, हा दावेदार गोंधळला आहे. “दावा तुझाच आहे ना रे?”

“माझाच. मागच्या भिंतीशी उभा होतो. चार भिंतींच्या आत रडला. शपथ घेतो.”

“मग हाकाटीला गेला नाहीस तू?”

“नाही गेलो.”

“कुरणही जाईल आणि वर दंडही बसेल, हे कळतंय?”

“सगळं कळतंय, सरकार. हात कुठे ठेवायचा तेवढं सांगा.”

ग्रंथावर हात ठेवून त्याने शपथ घेतली. बैलांचे चेहरे डोळ्यांसमोर आले, इडोनियाचाही आला, आणि बैलांपेक्षा तिचीच भीती जास्त वाटली. निकाल फिरला, कुरण हामोच्या नावे राहिलं.

बाहेर पायऱ्यांवर हामो त्याच्या मागोमाग आला. थर्स्टनला त्याचे आभार नको होते. खरं सांगायचं तर तो माणूस त्याला अजूनही आवडत नव्हता.

“काही बोलू नकोस,” तो म्हणाला. “तुझ्यासाठी नाही केलं.”

“गवत तू ने,” हामो म्हणाला. “मला एकट्याला काय करायचंय त्याचं.” “एक विचारू? मी पोहोचलो तेव्हा गार झाला होता तो. कसा रडला?”

थर्स्टन पायरीवर बसला.

“रागावून रडला,” तो म्हणाला. “झोपेतून ओढून उठवलं की हाविसा लहानपणी रडायची, तसा. सुरुवातीला मला वाटलं तीच रडतेय. बारीक आवाज होता, पण दम होता त्यात.”

हामो त्याच्या शेजारी बसला. दोन्ही हातांनी त्याने तोंड झाकून घेतलं.

“परत सांग,” तो म्हणाला.

थर्स्टनने परत सांगितलं.