चोवीसवर थांबलेला काटा

मी एक आर्द्रतामापक बोलतोय. हवेत ओलावा किती आहे ते सांगणं हे माझं काम. वाटीएवढा गोल चेहरा, त्यावर शून्यापासून शंभरापर्यंत आकडे, तीस ते चाळीसच्या मध्ये एक हिरवी पट्टी आणि मधोमध लाल काटा. दिसायला मी चांगलाच रुबाबदार. गुणांचं म्हणाल, तर आयुष्याची पहिली दोन वर्षं मी एक शब्दही खरा बोललो नाही. तरीही एका घरात माझ्याइतका मान दुसऱ्या कुणालाच नव्हता.

माझ्या पोटात एक बारीक गुंडाळलेली पट्टी आहे. हवा दमट झाली की ती सैल पडते, कोरडी झाली की आवळते आणि त्याप्रमाणे काटा फिरतो. निदान फिरावा अशी अपेक्षा असते. माझ्या वेळी कारखान्यातल्या यंत्रानं डिंकाचा एक थेंब जास्त टाकला. तो काट्याच्या बुडाशी सुकला. काटा तेव्हा चोवीसवर होता, तो तिथेच राहिला. तपासणाऱ्या बाईंनी मला उचललं, काच फुटलेली नाही ना हे पाहिलं आणि 'योग्य' असा शिक्का मारला. काटा हलतो का हे बघणं बहुधा पलीकडच्या टेबलाचं काम असावं. पलीकडे टेबल नव्हतं.

पुढे एका दुकानात मी काचेच्या टाकीबरोबर फुकट दिला गेलो. टाकी घेतली एका कॉलेजात जाणाऱ्या मुलीनं, तिच्या सरड्यासाठी. हा साधा कुंपणावरचा सरडा नव्हे. बिअर्डेड ड्रॅगन, म्हणजे दाढीवाला सरडा. मूळचा कोरड्या, रखरखीत मुलखातला. गळ्याखाली काटेरी दाढी, राग आला की ती फुगून काळी होते. दिवसभर एका दगडावर बसून, काहीही काम न करता, सगळ्यांकडे नाराजीनं बघतो म्हणून घरात त्याचं नाव पडलं साहेब.

मुलगी माझ्याकडे ढुंकूनही बघायची नाही. पाणी सांडलं की पुसायची, काच धुरकटली की झाकण उघडं ठेवायची, साहेब कात टाकायला लागले की कोमट पाण्यात बसवून कोरडे करायची. साहेब ठणठणीत होते. तिचं माझ्याकडे न बघणं आणि त्यांची तब्येत यांचा काही संबंध असेल, हे माझ्या डोक्यात आलं नाही. मला वाटायचं, माझ्यामुळेच सगळं सुरळीत चाललंय.

मग मुलगी शिकायला दुसऱ्या गावी निघाली. वसतिगृहात प्राणी चालत नव्हते. साहेबांना कोण सांभाळणार, यावर घरात चर्चा झाली आणि आजोबा पुढे आले.

आजोबांनी चौतीस वर्षं एका गिरणीत बॉयलर सांभाळला होता. निवृत्त झाल्यापासून त्यांना सांभाळायला काही उरलं नव्हतं. सूनबाई म्हणाल्या, "बाबा, झेपेल का तुम्हाला?"

"अगं, अख्खा बॉयलर सांभाळला मी. हा वीतभर सरडा काय जड आहे?"

नातीनं जाताना एक कागद लिहून दिला. दिवा किती तास, किडे किती, पाला कुठला. खाली एक ओळ : 'आर्द्रता तीस ते चाळीस.' आजोबांनी चष्मा लावला, टाकीत वाकून पाहिलं आणि पहिल्यांदा माझी कुणीतरी दखल घेतली.

"चोवीस!" ते म्हणाले. "पोर गेली आणि हवा कोरडी पडली बघ."

त्यांनी कपड्यांना इस्त्री करताना वापरायचा फवारा आणला आणि टाकीत चार पिचकाऱ्या मारल्या. मग खुर्ची ओढून माझ्यासमोर बसले. मी चोवीस. आणखी चार मारल्या. मी चोवीस. साहेबांच्या डोक्यावरून पाणी निथळत होतं. त्यांनी दाढी फुगवली. आजोबा म्हणाले, "बघ, बरं वाटलं त्याला."

पुढचे तीन आठवडे त्या घरात माझं राज्य होतं. सकाळी चहाआधी आजोबा माझं दर्शन घ्यायचे. फवारा दिवसातून दोनदाऐवजी पाच वेळा झाला. पाण्याचं भांडं दगडाजवळ, दिव्याच्या अगदी खाली आलं, म्हणजे वाफ होईल. जाळीच्या झाकणावर ओला टॉवेल आला. खाली अंथरलेला नारळाचा भुसा चिखलासारखा झाला. काचेवरून थेंब ओघळायला लागले, तरी मी माझ्या जागेवर ठाम. इतका ठामपणा माणसांना फार आवडतो. बदलणाऱ्या आकड्यापेक्षा न बदलणारा त्यांना जास्त खरा वाटतो.

"बाबा, आत कुबट वास येतोय," सूनबाई एकदा म्हणाल्या. "काचेतून काही दिसतसुद्धा नाही."

"वास मोजता येतो का? मीटर बघ. चोवीस."

"पण पाणी डोळ्यांना दिसतंय ना!"

"डोळे फसतात गं. चौतीस वर्षं मी डोळ्यांवर नाही, मीटरवर चाललो. म्हणून गिरणी जागेवर आहे."

 सूनबाई स्वयंपाकघरात गेल्या आणि भांडी जरा जोरात लावली.

रोज संध्याकाळी आजोबा माझा फोटो नातीला पाठवायचे. 'अजून चोवीसच. पण मी हटणारा नाही.' नात उत्तरात लाल बदाम पाठवायची. एकाच आकड्याचे वीस फोटो तिनं पाहिले आणि वीसही वेळा आजोबांच्या चिकाटीचं कौतुक केलं. मी तर म्हणतो, आमच्या घराण्यात इतके फोटो कुणाचे निघाले नसतील.

साहेब मात्र बदलत होते. आधी त्यांनी किडे नाकारले. मग पाला. मग दगडावर चढणंही सोडून दिलं. एका सकाळी ते कोपऱ्यात मान वर करून, तोंड उघडं टाकून बसले होते. श्वासाबरोबर बारीक चटचट आवाज येत होता आणि नाकाशी एक बुडबुडा फुगत होता. आजोबांनी नेहमीप्रमाणे आधी मला पाहिलं. मग साहेबांना पाहिलं. हातातला फवारा त्यांनी खाली ठेवला.

"सूनबाई," ते ओरडले, "अगं, लवकर ये!"

पक्षी आणि सरपटणाऱ्या प्राण्यांच्या डॉक्टर गावाच्या दुसऱ्या टोकाला होत्या. सूनबाईंनी रजा टाकली. साहेब चपलांच्या खोक्यात निघाले आणि पुरावा म्हणून आजोबांनी मलाही खिशात घेतलं.

डॉक्टरांनी साहेबांच्या छातीला कान लावला, तोंड हलकेच उघडून आत पाहिलं. "फुप्फुसात संसर्ग आहे. टाकीत ओल फार असते का?"

"छे छे!" आजोबांनी मला टेबलावर ठेवलं. "उलट कोरडं. हे बघा, चोवीस."

डॉक्टरांनी खोक्याला चिकटलेला ओला भुसा चिमटीत घेऊन दाबला. पाणी निघालं. मग त्यांनी विचारलं, "आजोबा, हे मीटर तपासलंय कधी?"

 गिरणीत दर वर्षी बॉयलरची सगळी मीटरं उतरवून तपासायला जात, आणि त्या नोंदीवर सही आजोबांचीच असे.

औषध तीन आठवड्यांचं निघालं. "वाचेल ना?" सूनबाईंनी विचारलं. "वेळेवर आणलंत," डॉक्टर म्हणाल्या, "पण जागा आजच्या आज कोरडी करा." आणि मला तपासायची युक्तीही त्यांनी सांगितली. टोपणात मीठ घ्यायचं, थोडं पाणी घालून ओलं करायचं आणि मीटरबरोबर हवाबंद डब्यात ठेवायचं. सात-आठ तासांनी पंचाहत्तरच्या आसपास यायला हवं.

घरी आल्यावर आजोबांनी टाकी रिकामी केली. भुसा गेला, टॉवेल गेला, पाण्याचं भांडं दिव्यापासून लांब गेलं. खाली कोरडे कागद आले. मी मिठाशेजारी डब्यात बसलो. दुपार गेली. आजोबा दर तासाला काचेच्या डब्यापाशी यायचे आणि परत जायचे. मला मनापासून हलायचं होतं. खरं सांगतो, त्या दिवशी मी जेवढा जोर लावला तेवढा जन्मात लावला नव्हता.

संध्याकाळी सूनबाईंनी डबा उचलला. "चोवीस," त्या हळूच म्हणाल्या. 'मी सांगत होते' हे त्या म्हणाल्या नाहीत. मला वाटलं होतं, म्हणतील.

आजोबांनी नातीला फोन लावला. "पोरी, साहेब आजारी आहे. माझ्यामुळे. मी तुला रोज चोवीस, चोवीस म्हणून कळवत होतो. मीटर बंद होतं आणि मी साहेबाला बुडवत होतो."

 नात रडक्या आवाजात म्हणाली, "आजोबा, मीटर मीच दिलं ना तुम्हाला. मी स्वतः कधी बघितलंच नव्हतं त्याच्याकडे. फोटो बघूनसुद्धा मला कळलं नाही." मग नाक ओढून, "औषध कोण देणार?"

"मी देणार."

आणि दिलं. दिवसातून दोनदा, साहेबांना टॉवेलात गुंडाळून, ओठाच्या कडेनं थेंब थेंब. साहेब दर वेळी दाढी काळी करायचे आणि आजोबा दर वेळी माफी मागायचे. अकराव्या दिवशी साहेबांनी एक किडा खाल्ला. आजोबांनी शेजारच्या घरात जाऊन ते सांगितलं. कशाबद्दल ते न कळताही शेजाऱ्यांनी अभिनंदन केलं.

आता टाकीत दोन नवी मीटरं आहेत, तारेच्या टोकानं मोजणारी. दोघांनाही आधी मिठाच्या डब्यात बसावं लागलं. आणि आजोबा आता आधी काच बघतात, मग तळाला हात लावतात, मग साहेबांचा श्वास ऐकतात आणि आकडा सगळ्यात शेवटी वाचतात.

माझं काय झालं? एका दुपारी आजोबांनी मला उघडलं, डिंक खरवडून काढला आणि बघता बघता माझा काटा सुटला. तेव्हापासून मी अगदी खरं बोलतो. म्हणून मला न्हाणीघरात खिळ्याला लटकवलंय.

माणसांनो, माझ्यासारख्यांना भिंतीवर लावाल तेव्हा वर्षातून एकदा मिठाशेजारी बसवत जा. आणि घरात कुणी 'वास येतोय' म्हणालं, तर आधी त्या माणसाचं ऐका. एवढंच सांगायचं होतं. आता रजा घेतो. आत्ताच कुणीतरी आंघोळ करून गेलंय, मी अठ्ठ्याऐंशी दाखवतोय, अगदी खरं दाखवतोय, आणि खिडकी उघडायला कोणी येत नाहीये.