साखळीचा किस्सा

काकूंनी खिडकीचे गज दोन्ही हातांनी धरले आणि गाल त्यांना टेकवून त्या मागच्या बाजूला बघू लागल्या. काका रिकामी बाटली हलवत फलाटाच्या अगदी शेवटच्या टोकाकडे चालले होते. डब्यासमोरच एक नळ होता आणि त्याला पाणीही येत होतं. पण समोरचा नळ काकांना कधी पुरला नाही. टोकाच्या नळाचं पाणी गार असतं, असं त्यांचं म्हणणं, आणि ते म्हणणं कुठल्याही स्टेशनाला लागू होतं.

"लांब जाऊ नका हो," काकू म्हणाल्या. तोवर काका ऐकण्याच्या पलीकडे पोचले होते.

दोघं लेकीकडे निघाली होती. दीड दिवसाचा प्रवास, त्यातला निम्मा झाला होता. पहिल्याच तासात डब्यानं त्यांना काका-काकू करून टाकलं होतं. समोरच्या बाकावर एक पशुवैद्य होते आणि वरच्या बर्थवर परीक्षा आटोपून घरी चाललेली एक कॉलेजातली मुलगी. चौघांत मिळून वर्तमानपत्र वाचून झालं, फळं कापून झाली, एकमेकांच्या घरची माणसं माहीत झाली. दोन स्टेशनांच्या मधला प्रवास काकूंनाही मनापासून आवडायचा. कोणी स्वयंपाक करायला सांगत नाही, दार वाजत नाही, बाहेर न संपणारी शेतं आणि त्यांत मान वर करून बघणारी गुरं. फक्त गाडीचा वेग कमी व्हायला लागला की त्यांची नजर काकांच्या पायांकडे जायची.

काकांचं सगळं सुख नेमकं तिथून सुरू व्हायचं. ते म्हणत, बसून काय, कोणीही जातं. उतरावं, पाय मोकळे करावेत, अनोळखी गावची हवा छातीत भरावी, कुणाशी तरी दोन शब्द बोलावेत आणि गाडी आपल्यासाठीच थांबली होती अशा थाटात परत चढावं. चाळीस वर्षं त्यांनी दुकानोदुकानी हिंडून वजनकाटे दुरुस्त केले होते. आपला अंदाज चुकत नाही याचा त्यांना भारी अभिमान. गाडी हलल्यापासून तीस आकडे मोजेपर्यंत माणसाला चालत चढता येतं, हा त्यांनी स्वतः काढलेला हिशेब. चौतीस वर्षांच्या संसारात ते दर स्टेशनावर उतरले आणि काकू दर स्टेशनावर खिडकीत बसून मोजत राहिल्या. काकू शिवणाचा क्लास चालवत. नुसत्या नजरेनं कुणाच्याही खांद्याचं माप सांगणारी बाई. पण फलाटावरच्या गर्दीत नवऱ्याची पाठ शोधताना त्यांची नजर भरकटायची.

शिट्टी झाली आणि गाडी हलली.

काकूंनी मोजायला सुरुवात केली. बाराला एक माणूस पळत पुढच्या डब्यात चढला; तो काका नव्हता. अठराला फलाटावरचं घड्याळ मागे पडलं. तीसला फलाटच संपला.

"आले का हो?" त्यांनी पशुवैद्यांना विचारलं.

"येतील की. मागच्या कुठल्या तरी डब्यात चढले असतील."

काकू उठल्या. एका दारापाशी गेल्या, मग दुसऱ्यापाशी. मागच्या डब्यात डोकावून आल्या. त्या परत आल्या तेव्हा मुलगी वरून खाली वाकून हसू दाबत होती.

"काकू, साखळी नका हं ओढू."

तिचं तरी काय चुकलं? सकाळीच काकांनी तो किस्सा साभिनय सांगितला होता. तीन वर्षांपूर्वी काका असेच परतले नाहीत आणि काकूंनी साखळी ओढून आख्खी गाडी उभी केली. सगळा डबा खाली उतरून रुळांवर काकांना शोधायला लागला, आणि काका संडासातून तोंड पुसत बाहेर येऊन विचारतात, "काय झालं, कोणी हरवलंय का?" पुढच्या स्टेशनावर दोघांना उतरवून घेतलं. स्टेशनमास्तरच्या खोलीत काकूंकडून माफीनामा लिहून घेतला आणि त्यांना पुढची गाडी सहा तासांनी मिळाली. माफीनामा काकांना तोंडपाठ होता. "मी माझ्या पतीस हरवलेले समजले, परंतु ते जवळच होते." हे वाक्य ते काकूंच्या आवाजात म्हणत, पदर सावरण्याच्या नकलेसकट. लग्नांत, बारशांत, एकदा तर कुणाच्या समाचाराला गेले असतानासुद्धा सांगून झालं होतं. लोक हसत. काकूही हसत, कारण न हसणाऱ्या बाईकडे लोक जास्त बघतात.

"आधी संडास बघू," पशुवैद्य गंभीरपणाचा आव आणत म्हणाले. "अनुभवाचे बोल आहेत."

ते काकूंबरोबर गेले. एक संडास मोकळा होता आणि एक आतून बंद.

"घ्या," ते म्हणाले. "सापडले."

काकूंनी दारावर टकटक केली. आतून पाण्याचा आवाज आला.

"अहो," काकू दाराला तोंड लावून म्हणाल्या. "तुम्हीच आहात ना?"

आतून कोणी तरी खाकरलं. पशुवैद्यांनी हात पसरून 'झालं की नाही' अशी खूण केली आणि ते जागेवर जाऊन बसले. काकू तिथेच उभ्या राहिल्या. पायाखालचा पत्रा आता जोरात थरथरत होता, दोन डब्यांमधला सांधा खडखडत होता, उघड्या दारातून झाडं सपासप मागे जात होती. खाकरणं त्यांचंच होतं का? चौतीस वर्षं ऐकलेलं खाकरणं ओळखू येऊ नये, याचीच त्यांना भीती वाटली. त्यांनी देवाला, नळाला, त्या बाटलीला, सगळ्यांना मनातल्या मनात विनवून पाहिलं.

कडी वाजली. आतून एक जाडजूड गृहस्थ टॉवेलनं मान पुसत बाहेर आले.

"या, मोकळं आहे," ते म्हणाले.

काकू परत बाकाशी आल्या. उशाला काकांचा फोन चार्जिंगला लावलेला होता. म्हणजे फोन करायचीही सोय नाही. "ते नाहीयेत," त्या म्हणाल्या.

"काकू, बसा. पाणी प्या," पशुवैद्य म्हणाले. "अहो, मागच्या डब्यात गप्पा छाटत बसले असतील. तुम्हीच नाही का सांगत होतात, गप्पांना बसले की उठत नाहीत म्हणून?"

"पुढचं स्टेशन किती लांब आहे?"

"पाऊण तास असेल."

पाऊण तास. काकूंनी वर पाहिलं. खिडकीच्या वर ती साखळी होती, तांबड्या मुठीची. मुलगी बर्थवरून बघत होती. तिच्या ओठांच्या कोपऱ्यात हसू तयारच होतं, आणि काकूंना पुढची सगळी वर्षं एका क्षणात दिसली. आता किस्सा दोनदा ओढलेल्या साखळीचा होणार. नकलेत आणखी एक पदर येणार. जावई हसणार, नातवंडं हसणार. त्यांनी हात वर नेला आणि खाली घेतला.

काका कुठे तरी जवळच असतील, असं त्यांनी स्वतःला बजावलं. मागच्या वेळी जवळच होते. याही वेळी असतील. आणि जर नसतील, तर आपण लाजेखातर बसून राहिलो एवढंच आयुष्यभर उरेल.

काकू बाकावर चढल्या. त्यांनी मूठ दोन्ही हातांनी धरली आणि ओढली. नुसती ओढली नाही, सगळं अंग तिच्यावर टाकलं. कुठे तरी जोरात हवा सुटल्याचा आवाज झाला. चाकं करकरली, बाकावरची फळं घरंगळली, आणि गाडी उजाड माळावर आचके देत थांबली.

 मग मुलगी हळूच म्हणाली, "बाप रे, खरंच ओढली."

पाच-सात मिनिटं गेली. काकू दोन्ही बाजूंच्या खिडक्यांतून मागे बघत राहिल्या, पण गाडी वळणावर उभी होती आणि शेवटचे डबे दिसत नव्हते. तेवढ्यात मागच्या डब्याच्या बाजूनं बोळातून काका आले. केस विस्कटलेले, हात पँटच्या खिशात, बाकी धडधाकट.

"आले!" पशुवैद्य टाळी वाजवत म्हणाले. "मी सांगत नव्हतो? गाडीतच होते."

शेजारच्या बाकांवरचे लोकही वळले. सकाळपासून किस्सा तिथवर पोचला होताच. हशा झाला, आणि मुलगी म्हणाली, "काका, काकूंनी परत तेच केलं!"

काकू मटकन खाली बसल्या. काका जिवंत होते. तेवढं पुरे होतं. बाकीच्या हसण्याचं काय करायचं ते नंतर बघता आलं असतं. काका त्यांच्याकडे बघून हसले, नेहमीसारखे, म्हणजे ओठ तेवढे हसले. किस्सा पूर्ण करायला त्यांनी तोंड उघडलं आणि तसंच मिटलं.

टीसी आला. गाडीला उशीर होत होता, आणि तो त्याच्या चेहऱ्यावर लिहिलेला होता.

"साखळी कोणी ओढली?"

"मी," काकू म्हणाल्या.

"कारण?"

काकूंनी काकांकडे पाहिलं. धडधाकट नवरा शेजारी उभा असताना काय कारण सांगायचं?

"यांना वाटलं, हे राहिले," पशुवैद्य सांभाळून घेत म्हणाले. "पण हे मागच्या डब्यात होते."

"म्हणजे विनाकारण. बाई, हा गुन्हा आहे, ठाऊक आहे ना? पुढच्या स्टेशनावर उतरून जबाब द्यावा लागेल." त्यानं वही उघडली. "विनाकारण असंच लिहितो."

"थांबा," काका म्हणाले.

त्यांनी खिशातून हात काढले. काढताना दात आवळले. दोन्ही तळव्यांची कातडी सोलवटली होती, बोटं अर्धवट मिटलेलीच राहिली होती.

"मागच्या डब्यात नव्हतो मी," ते म्हणाले. "शेवटचा सामानाचा डबा आहे ना, त्याच्या दांडीला होतो. बाहेर. दार आतून बंद होतं. ठोकायला हात सोडावा लागला असता." "काय लिहायचंय ते लिहा. माझा हात सुटत होता."

टीसीचं पेन थांबलं. मुलगी बर्थवर मागे सरली आणि तिनं गुडघे पोटाशी घेतले. टीसीनं एकदा काकांच्या हातांकडे, एकदा काकूंकडे बघितलं, वहीत एक ओळ लिहिली, खाली काकूंची सही घेतली आणि उतरायचं वगैरे काही न बोलता तो निघून गेला.

गाडी सुरू झाली. पशुवैद्यांनी आपली बॅग उघडली, मलम काढलं आणि काकांचे तळवे पुसायला घेतले.

"माझे पेशंट बोलत नसतात," ते म्हणाले. "तुम्हीही बोलू नका." थोड्या वेळानं पट्टी गुंडाळता गुंडाळता त्यांनी खालच्या आवाजात काकूंना म्हटलं, "मी बसा म्हणालो होतो तुम्हाला."

काकूंनी मान हलवली. खरी भीती त्यांना आता वाटायला लागली होती. आपण तो हात खाली घेतला होता, ते त्यांना पुन्हा पुन्हा दिसत होतं. किती वेळ घेतला होता? तीस आकडे? जास्त? काका खिडकीपाशी बसले होते, पांढऱ्या पट्ट्यांचे हात मांडीवर उताणे ठेवून. बाहेर नदी आली, पूल आला. एरवी पूल आला की ते त्याच्या कमानी मोजून दाखवायचे. आज त्यांनी बाहेर पाहिलंच नाही.

तासाभरानं गाडीचा वेग कमी झाला. स्टेशन मोठं होतं, पंधरा मिनिटांचा थांबा. खाली नुसती वर्दळ होती. काका हलले नाहीत. फलाट समोर येऊन थांबला तरी ते समोरच्या बाकाच्या कडेकडे बघत राहिले.

"उतरायचं नाही?" काकूंनी विचारलं.

"नको."

हा शब्द काकूंना चौतीस वर्षं ऐकायचा होता. दर स्टेशनावर त्यासाठी त्यांनी नवससायास करायचे तेवढे बाकी ठेवले होते. तो ऐकला आणि त्यांना आतून गार पडल्यासारखं झालं. समोर बसलेला माणूस त्यांना एकदम म्हातारा दिसला.

त्या उठल्या. साडी सारखी केली आणि चालत दाराशी गेल्या. दांडी घट्ट धरून, एक पायरी, दुसरी पायरी, असं करत त्या फलाटावर उतरल्या. जमीन स्थिर होती आणि तरी ती गाडीसारखीच हलतेय असं वाटत होतं. कुणी तरी फलाटावर नुकतंच पाणी मारलं होतं, त्यावरून गार वारा येत होता. कुठलं गाव होतं कोण जाणे. त्यांनी एक मोठा श्वास घेतला आणि तो छातीत राहू दिला.

"अगं, कुठे चाललीस?" काका दारात आले होते. पट्टीच्या हातांनी दांडी धरता येईना, म्हणून त्यांनी कोपर तिच्याभोवती अडकवलं होतं. त्यांचा चेहरा पांढराफटक पडला होता. "वर ये. गाडी सुटेल."

काकूंनी वळून बघितलं.

"सुटली तर ओढा की साखळी," त्या म्हणाल्या, आणि फलाटावरून सावकाश पुढे चालू लागल्या.