चौतिसाव्या रांगेतला प्लग

बुवांनी चार्जरचे दोन्ही पाय खुर्चीखालच्या खाचेत तिसऱ्यांदा दाबले आणि चष्मा कपाळावर सरकवून, वाकून पाहिलं. खाचेशेजारचा मोहरीएवढा दिवा काही लागला नाही.

"तिरका घालताय बाबा," शेजारून थोरली लेक म्हणाली. "दोन्ही पाय एकदम आत गेले पाहिजेत. एक आधी, एक मागून गेला तर वीज सोडतच नाही ते. पोरांनी खेळता खेळता काही खुपसू नये म्हणून केलेलं असतं तसं."

"मग तूच घाल की. माझ्या कमरेला शहात्तर वर्षं झालीत, ती सरळ वाकायची नाही आता."

थोरली हसत खाली वाकली. चार्जर सरळ धरला, अंगठ्याने दाबला, दाबून ठेवला. बुवा तिच्या मानेकडे बघत होते. ती हसायची थांबली, ते त्यांना मानेवरूनच कळलं.

विमान सुटून तीन तास झाले होते, अजून अकरा बाकी होते. सूर्य त्यांच्याबरोबरच निघाल्यासारखा खिडकीला चिकटून बसला होता, मावळायचं नाव घेत नव्हता. बुवांच्या मांडीवर साबणाच्या वडीएवढं यंत्र होतं आणि त्यात त्यांचं अकरा वर्षांपूर्वीचं निरूपण होतं. धाकट्याने परदेशात चार मंडळी जमवून प्रार्थनेसाठी सभागृह बांधलं होतं. परवा ते उघडायचं होतं आणि त्याने एकच हट्ट धरला होता, "बाबा, तेच निरूपण सांगा. आई मागे ध्रुवपद धरायची ते."

बुवांनी चाळीस वर्षं गाऊन निरूपणं केली. माणसं त्यांना नावाने कधी हाक मारीत नसत, बुवाच म्हणत. पण बायको गेल्यापासून चार वर्षांत ते निरूपणाला उभे राहिले नव्हते. गळा बसला होता, आणि आताशा आठवणीलाही गळती लागली होती. म्हणून त्यांनी मनाशी ठरवलं होतं, प्रवासात सगळं दोनदा ऐकायचं, म्हणजे परवा पाय लटपटले तरी जीभ लटपटणार नाही. यंत्राची बॅटरी जुनी, दीड तास चाले. निरूपण सव्वादोन तासांचं. पहिल्याच खेपेला, मुंगीचा दृष्टांत संपून बायकोने ध्रुवपद उचललं आणि अर्ध्या शब्दात यंत्र मुकं झालं.

निघताना बुवांनी पॉवरबँक पिशवीत टाकली होती. थोरलीने ती काढून टेबलावर ठेवली.

"असू दे गं. चौदा तासांचा प्रवास आहे."

"बाबा, त्या विमानातल्या निम्म्या खुर्च्यांचे प्लग माझ्या हातचे आहेत. स्वतःच्या विहिरीवर जाताना कोणी बाटलीतून पाणी नेतं का?"

ती पॉवरबँक आता घरी टेबलावर होती.

"माझाही बंदच आहे," कडेच्या खुर्चीवरच्या दातांच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या. बाई गप्पिष्ट होत्या. विमान वर चढता चढताच बुवांनी त्यांना सांगून टाकलं होतं, मुलगी विमानांची इंजिनियर आहे म्हणून. "अगबाई, म्हणजे इंजिन वगैरे?" बाईंनी विचारलं होतं, आणि बुवांनी "सगळंच" असं म्हणून विषय आटोपला होता. तेव्हा थोरली पांघरुणाची घडी मोडून पुन्हा घालत बसली होती.

आता बाई खुशीत आल्या. "बघा हं, इंजिनियर शेजारी आणि प्लग बंद! माझ्याच दवाखान्यात माझी दाढ दुखावी, तसं झालं हे."

बुवा हसले, पण अर्धंच. थोरली विमानांच्या शेडमध्ये खुर्च्यांच्या विभागात होती. खुर्च्यांचे प्लग, समोरचे पडदे, हाताखालची बटणं दुरुस्त करायची. पंधरा वर्षं बुवा लोकांना इंजिनियर सांगत आले होते. खोटं बोलावं असं त्यांच्या मनात नसे. 'खुर्च्यांचे प्लग' हे शब्द त्यांच्या तोंडात कधी बसलेच नव्हते, इतकंच.

"तीन खुर्च्यांना मिळून खाली एक विजेचा डबा असतो," थोरली म्हणाली. "तो बिघडला की तिघांचीही वीज जाते." तिने वरचं बटण दाबून केबिनच्या प्रमुख बाईंना बोलावलं. पिकल्या केसांची, झपझप चालणारी बाई होती ती. "चौतीस नंबरची वीज एकदा बंद करून चालू कराल का? दहा सेकंद थांबून."

बाई गेल्या. थोड्या वेळाने मोहरीएवढा दिवा हिरवा झाला. बुवांनी "वा!" म्हणायला तोंड उघडलं. ते मिटायच्या आत दिवा गेला.

"आला की गं! पुन्हा करायला सांग."

"नको." थोरली त्या खाचेकडे बघत राहिली होती. "येऊन गेला म्हणजे प्लग चांगला आहे. खालचा डबा गेलाय."

"पेचकस आहे का पिशवीत? मी पांघरूण धरतो आडवं."

"बाबा, आज मी तिकीट काढून बसलेय. तिकीटवाल्याने स्क्रूला हात लावायचा नसतो."

बुवांनी पुढच्या रांगेत डोकावून पाहिलं. दोन्ही प्लग भरलेले. एक चिमुरडी तोंडाचा आ करून चित्रं बघत होती. तिचं काढून आपलं लावावं असं क्षणभर मनात आलं, त्याची त्यांना स्वतःलाच लाज वाटली आणि ते मागे टेकले.

प्रमुख बाई परत आल्या, त्या काखेत एक जाडजूड वही घेऊन. विमानात जे जे मोडतं-बिघडतं ते त्या वहीत लिहायचं आणि जमिनीवरच्या माणसांनी दुरुस्त करून खाली उत्तर लिहायचं, अशी रीत होती.

"विमान भरलंय, नाहीतर आजोबांना दुसरीकडे बसवलं असतं," बाई म्हणाल्या आणि पानं मागे उलटू लागल्या. "चौतीस... चौतीस... हे काय, तीन आठवड्यांपूर्वी हीच रांग. 'प्लग बदलला, तपासला, चालतो.' नवल आहे. ही सही मी नऊ वर्षं बघतेय. मी लिहायचं, हिने उत्तर द्यायचं. आमची कधी गाठ नाही, पण हिचं काम परत आलेलं मला तरी आठवत नाही."

"आलंय आता," थोरली म्हणाली. "सही माझी आहे."

बाईंनी वहीतून मान वर केली. थोरलीकडे पाहिलं, सहीकडे पाहिलं, पुन्हा थोरलीकडे. मग त्या चक्क गुडघे टेकून वाटेतच बसल्या, म्हणजे दोघींची तोंडं समोरासमोर आली.

"तुम्ही? अहो, बारा नंबरच्या पडद्याच्या तक्रारीखाली 'आता रडणार नाही' असं लिहिलं होतंत, ते तुम्हीच ना? मी सगळ्यांना दाखवलं होतं ते!"

"तुम्ही 'पडदा आपोआप रडतो' लिहिलं होतंत. मग मी काय उत्तर देणार?"

दोघी हसल्या. डॉक्टरीणबाईंना काही उमगेना, त्या हिच्याकडून तिच्याकडे बघत राहिल्या. बुवांना मात्र पहिल्यांदाच कळत होतं, की आपल्या लेकीचे शब्द हजारो मैल उडून येतात आणि कोणीतरी ते जपून वाचतं.

बाईंनी पेन उघडलं. आवाज खाली आणला. "मी नुसतं 'प्लग बंद' लिहिते. तुमचं मागचं कशाला उकरायचं?"

"नाही. 'पुन्हा तीच तक्रार' असं लिहा."

"तसं लिहिलं की ते तुमच्या नावावर जातं. मला माहितीये."

बुवांनाही माहीत होतं. पुढच्या महिन्यात थोरलीला तपासनिसाचा शिक्का मिळायचा होता. पंधरा वर्षांनी. मग दुसऱ्यांनी केलेलं काम तिच्या शिक्क्याशिवाय शेडबाहेर पडणार नव्हतं. घरात गेले दोन महिने तोच विषय होता.

"पोरी," ते हळूच म्हणाले, "शिक्का..."

"बाबा, नुसतं 'बंद' लिहिलं तर परत कोणीतरी प्लगच बदलेल, दिवा लागलेला बघेल आणि सही करून जाईल. मी तेच केलं. दिवा लागला म्हणून खुश झाले, डबा उघडलाच नाही." ती बाईंकडे वळली. "लिहा. पुन्हा तीच तक्रार. वीज चालू केल्यावर दिवा लागतो आणि लगेच जातो. मागच्या वेळी फक्त प्लग बदलला होता. डबा काढून तपासावा."

बाईंनी भराभर लिहून घेतलं. थोरलीने वही हातात घेऊन वाचली, एका जागी बोट ठेवलं. "इथे 'फक्त' राहिलं." बाईंनी तेही लिहिलं, खाचेवर 'बंद' अशी लाल चिठ्ठी चिकटवली, आणि उठताना थोरलीच्या खांद्यावर हात ठेवून गेल्या. कडेच्या बाईंनी कानात आपले बोळे घातले आणि डोळे मिटले.

बुवा मांडीवरचं मुकं यंत्र कुरवाळत होते. ओठ हलत होते, पण मुंगीच्या पुढे गाडी जाईना.

"मुंगीनंतर राजाचा वाडा," थोरली समोर बघत म्हणाली.

"अं?"

"मुंगी संपली की आई ध्रुवपद घ्यायची, दोनदा. मग तुम्ही आवाज खाली उतरवून, अगदी हळू, राजाच्या वाड्याला लागायचात."

"तुला कसं ठाऊक? तू तर कधी निरूपणात बसली नाहीस. पडद्यामागे जाऊन बसायचीस."

"पडद्यामागे ध्वनिवर्धक होता ना. माइकची ती तुटकी वायर कोण धरून बसायचं? तुमचा आवाज वर चढला की माइक शीळ घालायचा, म्हणून मी बटण खाली आणायची. आवाज उतरला की मागचे म्हातारे कानाला हात लावायचे, म्हणून वर न्यायची." तिने हवेत अंगठा आणि बोट जुळवलं आणि न दिसणारं बटण उजवीकडे वळवलं. "हा राजाचा वाडा. हळू." मग आणखी जरासं उजवीकडे. "इथे राणी विचारते." मग एकदम डावीकडे. "आणि इथे तुम्ही वर जायचात, 'देवा, दार उघड' म्हणून. इथे शीळ यायचीच. मला आधीच खाली आणून ठेवावं लागायचं."

बुवा तिच्या बोटांकडे बघत राहिले. मग त्यांनी घसा साफ केला आणि कुजबुजत्या आवाजात राजाचा वाडा धरला. अडले की बोटांकडे बघायचे. बोटं वळायची, आणि पुढचा शब्द कुठूनसा वर यायचा. राजा झाला, राणी झाली, दार उघडलं. दोन-तीनदा थोरलीने ध्रुवपद पुटपुटलं, थेट आईच्या ठेक्यावर. एका जागी तिची बोटं थांबली.

"इथे एकदा तुम्ही ओळ गाळली होतीत. सभागृह भरलेलं होतं. लांबच लांब तान घेऊन झाकून नेलीत."

"कोणाला कळलं नव्हतं ते!"

"आईला कळलं. तिने मागे वळून पडद्याच्या फटीतून माझ्याकडे बघितलं होतं."

खिडकीतलं ऊन बुवांच्या हातांवर आलं होतं. थोड्या वेळाने त्यांनी ती गाळलेली ओळ म्हटली, पूर्ण, एकही शब्द न टाकता, आणि मग पुढे गेले.

विमान उतरलं तेव्हाही बाहेर लख्ख ऊन होतं. लोक उठले, वरचे कप्पे धडाधड उघडू लागले. डॉक्टरीणबाईंनी कानातले बोळे काढून पिशवी खांद्याला लावली.

"बरं का इंजिनियरबाई, ओळख झाली, छान वाटलं."

"डॉक्टर, जरा थांबा." बुवा पुढच्या खुर्चीची पाठ धरून उभे राहिले. डोकं वरच्या कप्प्याला लागत होतं, तरी त्यांनी पाठ ताठ केली. "मघाशी मी तुम्हाला सांगितलं, त्यात माझी चूक होती. ही इंजिनियर नाही. ही विमानातल्या खुर्च्यांचे प्लग दुरुस्त करते."

बाईंची नजर खाली, लाल चिठ्ठीकडे गेली. "म्हणजे... हा?"

"हाच!" बुवा म्हणाले. चार वर्षं बसलेला आवाज कुठल्या कुठे वर चढला, आणि पुढच्या पाच रांगांतली माणसं मागे वळून बघू लागली. "हा तिचाच आहे!"

थोरलीचा हात खुर्चीच्या दांड्यावर होता. तिथल्या तिथे अंगठा आणि बोट नकळत जुळली, आणि तिने बटण हलकेच खाली आणलं.