काकूचं हृदय उत्तम आहे

चष्म्याच्या दुकानात सकाळी गर्दी नसते. त्या वेळात मागच्या टेबलावर दिवा जवळ ओढून मोडक्या दांड्या जोडायच्या आणि सैल झालेले स्क्रू आवळायचे, हे बारकीचं काम. घरात सगळ्यांत धाकटी म्हणून बारकी, आणि दुकानातही तेच नाव चिकटलेलं. तिळाएवढा स्क्रू चिमट्यात धरून भोकात बसवायचा तर हात स्थिर हवा. बारकीचा तसा होता. "भूकंप झाला तरी हिच्या चिमट्यातला स्क्रू पडायचा नाही," असं मालक गिऱ्हाइकांना कौतुकानं सांगायचे.

त्या सकाळी भूकंपबिकंप काही झाला नाही आणि स्क्रू पडला. खुर्चीत बसल्याबसल्या बारकीच्या छातीत धडधड सुरू झाली. ती पळाली नव्हती, घाबरली नव्हती, कुणी तिच्यावर ओरडलंही नव्हतं. पण काळीज असं सुटलं की ठोके कानात ऐकू यायला लागले. हाताला दरदरून घाम सुटला. तिनं चिमटा खाली ठेवला आणि टेबलाची कड घट्ट धरली.

"काय गं, होणाऱ्या नवऱ्याची आठवण आली वाटतं!" मालक म्हणाले. दुकान हसलं. बारकीही हसली, दुसरं काय करणार बिचारी?

लग्न ठरलं होतं ना तिचं! आणि लग्न ठरलेल्या मुलीची छाती धडधडली की हसायचं, ही आपली जुनी खोड. तिच्या जागी एखादा बाप्या असता तर खुर्ची, पाणी, पंखा, रिक्षा, सगळं दारात हजर झालं असतं.

बरं, हे काही पहिल्यांदा होत नव्हतं. कित्येक आठवडे चाललं होतं. कधी जिना चढताना, कधी केस विंचरताना, कधी नुसतं खिडकीत उभं असताना. घरात सल्ल्यांचा सुकाळ होता. आई म्हणायची, चहा सोड. सोडला. शेजारीण म्हणाली, डाव्या कुशीवर झोपू नकोस. तेही केलं. मोठी बहीण फोनवरून म्हणाली, मोठा श्वास घे आणि चांगले विचार कर. बारकी इतके मोठे श्वास घ्यायची की समोरच्याला धाप लागावी, पण धडधड आपली जिथल्या तिथे. शेवटी सगळ्यांचं एकमत झालं, की लग्न झालं की थांबेल. आपल्याकडे मुलींच्या तमाम आजारांवर हे एकच औषध आहे, आणि त्यानं बरी झालेली मुलगी आजवर कुणी दाखवलेली नाही.

मधल्या काळात बारकी वाळत चालली होती. दोन माणसांचं जेवायची आणि तरी गालांची हाडं वर यायची. डोळे मोठे दिसायला लागले होते. घरी येणारीजाणारी माणसं बघायची आणि म्हणायची, "अगबाई, लग्न ठरलं आणि काय रूप आलंय! कशी शेलाटी झाली, डोळे किती टपोरे!" आई सुखावून जायची. पोरीला आजार खात होता आणि बघणारे त्याला रूप म्हणत होते.

"मला डॉक्टरकडे जायचंय," बारकीनं एकदा जेवताना स्पष्ट सांगितलं.

आईचा घास हातातच राहिला. "इथल्या दवाखान्यात? बाकावर बसलेली दिसलीस की संध्याकाळच्या आत गावभर होईल. मुलाकडच्यांच्या कानावर गेलं म्हणजे? झाकली मूठ सव्वा लाखाची, बारके."

बारकीच्या वडिलांचा, अप्पांचा, छापखाना होता आणि गावातल्या निम्म्या लग्नांच्या पत्रिका त्यांच्याकडे छापल्या जायच्या. एकदा एका मुलीला फिट येते असं कुणीतरी फोडलं आणि छापून, दुमडून, गठ्ठे बांधून झालेल्या पत्रिका अप्पांनी स्वतःच्या हातानं रद्दीत घातल्या होत्या. त्या मुलीचा बाप छापखान्याच्या पायरीवर बसून रडला होता. अप्पा मनानं वाईट नव्हते. पण ती पायरी त्यांच्या डोक्यातून जात नव्हती.

"लांबच्या गावी दाखवू," ते शेवटी म्हणाले.

"तिथेही कुणी ओळखीचं भेटलं तर?" आई म्हणाली, आणि मग तिची नजर काकूवर गेली.

काकू म्हणजे अप्पांच्या धाकट्या भावाची बायको, पन्नाशीची, धट्टीकट्टी, दोन जिने एका दमात चढणारी. आईनं योजना मांडली. पेशंट म्हणून काकूनं जायचं. तिला विचारणार कोण? तिचं लग्न तर कधीच होऊन गेलंय! बारकीनं सोबत म्हणून मागे उभं राहायचं. काय होतंय ते काकूनं सांगायचं, औषध आणायचं आणि बारकीनं घ्यायचं.

"आजार रेड्याला आणि इंजेक्शन पखालीला," काकू म्हणाली. "म्हणजे मी पखाल झाले तर."

"आणि मी रेडा?" बारकी म्हणाली. दोघी खोखो हसल्या. आई हसली नाही. तिनं खरंच तसंच ठरवलं होतं.

वाचकहो, तुम्हाला वाटेल मी तिखटमीठ लावतोय. नाही लावत. शिकली-सवरलेली, चांगली माणसं ही. पोरीवर जीव टाकणारी. त्यांनी एका निरोगी बाईला बसमध्ये बसवून हृदय तपासायला नेलं आणि आजारी मुलीला तिच्या पाठीमागे उभं केलं.

डॉक्टर वयस्कर होते आणि खाली मान घालून लिहायची त्यांना सवय होती.

"काय होतं?"

"छातीत धडधडतं," काकू म्हणाली.

"कधी? चालताना की बसल्या जागी?"

काकूनं मागे वळून विचारलं, "कधी गं?"

"दोन्ही वेळा," बारकी म्हणाली.

"धडधडतं तुम्हाला आणि विचारताय तिला?"

"वय झालं हो डॉक्टर, लक्षात राहत नाही," काकूनं वेळ मारून नेली. सोबत आलेल्या आईनं टेबलाखालून तिला शाबासकीची चापट दिली.

काकूची नाडी बघितली, रक्तदाब बघितला, छातीला वायरी लावून कार्डिओग्राम काढला. बारकी भिंतीला टेकून उभी होती. तिच्या गळ्याजवळची शीर उडताना कुणालाही दिसली असती. पण बघायला मान वर करावी लागते.

"तुमचं हृदय उत्तम आहे," डॉक्टर म्हणाले. "काळजी करू नका. या वयात बायकांना होतं असं. शांत झोपेसाठी गोळी देतो."

बसमध्ये आईचा चेहरा किती दिवसांनी उजळला होता! घरी पोचल्यावर चप्पल काढायच्या आधी तिनं अप्पांना सांगितलं, "डॉक्टर म्हणाले, हृदय उत्तम आहे!"

"आई, काकूचं उत्तम आहे," बारकी म्हणाली.

"अगं, एकाच घरातल्या ना तुम्ही!"

"जाऊबाई, मी या घरात लग्न होऊन आले," काकू म्हणाली. "हिचं माझं रक्तसुद्धा एक नाही." पण आईला ते ऐकायचंच नव्हतं. तिला हवं होतं ते तिनं ऐकलं होतं आणि त्याला ती धरून बसली.

पन्नाशीच्या बाईच्या झोपेची गोळी पंचविशीच्या मुलीनं घेतली. धडधड राहिली आणि वर गुंगी आली. दुकानात तिच्या हातून एका म्हाताऱ्या मास्तरांची काच तडकली. मालकांनी तिला मागच्या टेबलावरून उठवून पुढे काउंटरवर बसवलं. "लग्न होईपर्यंत फक्त गिऱ्हाइकांशी बोल," ते म्हणाले. ते चांगल्या मनानंच म्हणाले, पण बारकीनं त्या दिवशी घरी येऊन चिमटा कपाटात टाकला आणि ओक्साबोक्शी रडली. तिला वाटत होतं, आपण मरणार, आणि मरेपर्यंत सगळे म्हणत राहणार की हृदय उत्तम आहे.

दुसऱ्या दिवशी दुकानाच्या पायऱ्यांवर तिला चक्कर आली. तेव्हा कुठे पुन्हा लांबच्या गावची बस धरली. आणि पुन्हा काय? पेशंट काकूच! आईच्या मते पहिल्या खेपेला काकूनं नीट सांगितलं नव्हतं.

बसमध्ये काकू म्हणाली, "बारके, माझं तपासून तपासून मलाच आता लाज वाटायला लागली."

दवाखान्यात काकू स्टुलावर बसली, मनगट पुढे केलं. डॉक्टरांनी बोटं ठेवली. आणि नेमकी तेव्हाच बारकीची धडधड सुरू झाली. समोर डॉक्टर घड्याळाकडे बघत काकूचे ठोके मोजत होते आणि मागे तिचं काळीज फुटायला आलं होतं. तिच्या डोक्यात तिडीक गेली.

"काकू, ऊठ."

काकू अशी चटकन उठली, जणू केव्हाची वाटच बघत होती.

"बारके!" आई ओरडली.

बारकी स्टुलावर बसली आणि हात टेबलावर आपटला. "डॉक्टर, हे सगळं मला होतंय. पहिल्यापासून मलाच. या हाताची नाडी बघा."

डॉक्टरांनी तिच्या मनगटावर बोटं ठेवली आणि त्यांचा चेहरा बदलला. त्यांनी तिचे दोन्ही हात पुढे करायला लावले, बोटं ताठ धरायला सांगितली आणि पॅडवरचा एक कोरा कागद फाडून त्या बोटांवर ठेवला. कागद फडफडायला लागला. पंखा बंद होता. मग त्यांनी तिच्या गळ्यावरून हात फिरवला, डोळे पाहिले, वजन किती उतरलं ते विचारलं.

"थायरॉइड दिसतंय," ते म्हणाले. "रक्त तपासून खात्री करू. गळ्यातली ही ग्रंथी गरजेपेक्षा जास्त काम करते आणि हृदयाला पळवते. औषधानं आटोक्यात येतं. पण असंच अंगावर काढलं असतं तर जिवाशी खेळ होता." मग आईकडे वळून म्हणाले, "बाई, मुलगी समोर बसली असती तर पहिल्याच दिवशी संशय आला असता." खालच्या आवाजात पुढे म्हणाले, "आणि उभी तर होतीच. मीच पाहिलं नाही."

आई भिंतीकडे तोंड करून रडत होती. मला तिची कीव येते आणि रागही येतो, आणि यातलं जास्त काय ते अजून ठरलेलं नाही.

रक्ताच्या रिपोर्टात तेच निघालं. गोळ्या सुरू झाल्या आणि काही दिवसांत ठोके हळूहळू माणसात यायला लागले. घरात मात्र नवी धडधड सुरू झाली. मुलाकडच्यांना सांगायचं का?

"लग्नानंतर सांगू," आई म्हणाली.

"पत्रिका छापून तयार आहेत," अप्पा म्हणाले.

"अप्पा, मी काय तिकडे गोळ्या चोरून गिळायच्या? आणि तपासायला पुन्हा काकूला न्यायचं?" बारकी म्हणाली. "मी सांगणार." आणि तिनं सांगितलं.

मुलाची आई स्वतः भेटायला आली. बसली, चहा घेतला, प्रकृतीची चौकशी केली. "आमचं काही म्हणणं नाही हो," ती म्हणाली, "पण..." पुढचं तुम्हाला ठाऊक आहे. मुलगा? मुलगा काही बोलला नाही. बोलायच्या वेळी न बोलणं हाही एक आजारच, पण तो असला तरी लग्न मोडत नाही.

अप्पा उठून छापखान्यात गेले. आई चहाचे कप उचलून आत गेली. बारकी आणि काकू पाहुणीला दारापर्यंत सोडायला गेल्या, कारण माणुसकी सोडून चालत नाही.

दारात मुलाची आई थबकली. मागे कुणी ऐकत नाही ना ते पाहिलं आणि काकूचा हात धरला. "त्या डॉक्टरांचा पत्ता द्याल? आमच्या धाकटीलाही असंच धडधडतं. फार वाळलीय हो. तिचंही लग्नाचं बघतोय, म्हणून तिला कुठे नेता येत नाही. मीच जाऊन येते म्हणते, माझंच म्हणून सांगते."

काकूनं तिच्याकडे असं पाहिलं, की दुसरी कुणी असती तर जागच्या जागी विरघळली असती. "तुमचं हृदय उत्तमच निघेल," काकू म्हणाली.

बारकीच्या ओठांवर फार काही आलं होतं, आणि त्यातलं प्रत्येक अक्षर बोलायचा तिला हक्क होता. तिनं ते गिळलं. "उद्या सकाळच्या बसला धाकटीला घेऊन या," ती म्हणाली. "मी येते सोबत. पण तिलाच आणा."

सकाळी बारकी बसथांब्यावर उभी होती. मुलाची आई आली. हातात पिशवी, पाण्याची बाटली. एकटीच.

"धाकटी?"

"घरी आहे. अगं, थांब्यावर किती लोक असतात... कुणी पाहिलं तर? मी सांगेन ना नीट सगळं."

बस आली. दार उघडलं. "चल, जागा मिळेल," मुलाची आई म्हणाली आणि पायरीवर चढली. बारकी चढली नाही. ती वळली आणि ज्या घरात ती सून म्हणून जाणार होती त्या घराच्या रस्त्याला लागली. "अगं, कुठे निघालीस?" मागून हाक आली. मुलाची आई घाईघाईनं खाली उतरली आणि तिच्यामागे धावत सुटली. बस निघून गेली.

बारकी थांबली नाही. छातीत थोडं धडधडत होतं. या वेळी त्याचं कारण तिला माहीत होतं. पुढची बस तासाभरानं होती, म्हणजे त्या पोरीला तयार व्हायला भरपूर वेळ होता. तिनं त्या घराची कडी वाजवली.

आतून कुणीतरी धापा टाकत दाराकडे येत होतं.