चिखलात रुतलेले महाराज

महाराजांचा ब्राँझचा पुतळा आमच्या व्होझेल गावाबाहेर चिखलात रुतला, तेव्हा द्राक्षांची तोडणी ऐन भरात होती. घोड्यावर स्वार झालेले महाराज शहराच्या चौकात उभे राहायला निघाले होते. खाली अवजड गाडा, बरोबर शिपाई, आणि सगळ्यांचे म्होरके सरदार द लार्बे.

सरदारांनी गाव चर्चसमोर गोळा केलं. "सगळे बैल, सगळे पुरुष, आत्ताच्या आत्ता! महाराजांचा हुकूम आहे."

आदल्या वर्षीही असाच हुकूम आला होता. सडक बांधायला अख्खं गाव वेठीला धरलं आणि इकडे द्राक्षं वेलींवर कुजली. त्या हिवाळ्यात उपासमारीनं खंगून माझे सासरे गेले.

सासूबाई पुढे झाल्या. फिलिबेर्त त्यांचं नाव. हात द्राक्षांच्या रसानं चिकट झालेले. मी मागून त्यांची बाही ओढली, त्यांनी ती सोडवून घेतली.

"बैल तोडणी झाल्यावर मिळतील, साहेब."

"म्हातारे, कोणाशी बोलतेस कळतंय का? तुरुंगात सडशील!"

"सडेन की. पण मी तुरुंगात गेले म्हणून गाडा चिखलातून निघणार आहे का?"

मागे कोणीतरी फिसकन हसलं. सरदारांचा चेहरा लाल झाला. त्यांच्या इशाऱ्यावर शिपायांनी आमचे बैल सोडून नेले, गाड्याला जुंपले आणि चाबूक ओढले. परक्या आवाजांनी बैल बिथरले. एक जोडी डावीकडे ओढते, दुसरी उजवीकडे. गाडा करकरला, एका अंगाला कलंडला, आणि महाराज घोड्यासकट चिखलाकडे झुकले. दोर होते म्हणून अडकले, एवढंच. सरदार पांढरेफटक पडले. पुतळ्याला पोचा आला तर दरबारात जाब त्यांनाच द्यावा लागणार होता.

सासूबाई चिखलातून त्यांच्यापर्यंत चालत गेल्या.

"आता माझं ऐका. बैल आमच्या माणसांच्याच हाकेला ओ देतात. आमची माणसं जीव लावून ओढतील, पण आधी त्यांचं पीक घरात येऊ द्या. तुमचे शिपाई नुसते उभे आहेत. त्यांच्या हाती कोयते द्या. मळे जितक्या लवकर रिकामे होतील, तितक्या लवकर महाराज बाहेर."

"महाराजांचे शिपाई द्राक्षं तोडणार?"

"वाईन पितात ना? मग तोडू देत की!"

सरदारांनी झुकलेल्या पुतळ्याकडे पाहिलं, ताणलेल्या दोरांकडे पाहिलं. टोपी काढून कपाळ पुसलं. "द्या कोयते," ते पुटपुटले.

मग काय! मिशाळ हवालदार वेलींमध्ये वाकलेला, आणि सासूबाई त्याच्या डोक्यावर उभ्या. "अरे बाबा, टोपलीत टाक, तोंडात नको!"

शेवटची टोपली घरात आली आणि गाव गाड्याला भिडलं. चाकांखाली दगड, फळ्या घातल्या. माझा नवरा एद्म बैलांच्या कानाशी लागून त्यांना चुचकारत होता. त्यानं आरोळी दिली, सगळ्यांनी दोर ओढले, आणि गाडा चिखलातून निघून कोरड्या सडकेवर चढला.

निघताना सरदार थांबले. "मुजोर बाई आहेस. नाव काय तुझं?"

मी पुन्हा सासूबाईंची बाही ओढली.

"फिलिबेर्त गार्निये. पुढच्या वर्षी यायचं झालं तर तोडणीलाच या, कोयत्यांना धार लावून ठेवते."

सरदारांना हसू आवरलं नाही. त्यांनी घोड्याला टाच मारली.

गाडा वळणाआड गेला, तशा सासूबाई कुंपणाच्या दगडावर बसल्या.

"सूनबाई, हात धर गं जरा. केव्हाचे थरथरतायत."

मी त्यांचे हात धरून ठेवले. थोड्या वेळानं त्या उठल्या. वाईनसाठी द्राक्षं तुडवायची होती.