तेरावा शब्द

ताईच्या पत्राला मी उत्तर दिलं नव्हतं. निम्मं पत्र तिच्या गुडघ्यांबद्दल होतं आणि त्याचं उत्तर सोपं होतं. शेवटी मात्र त्याच्या कसल्याशा न सापडणाऱ्या परवलीच्या शब्दाबद्दल लिहून तिनं विचारलं होतं, ‘मी त्याला इतक्या नावांनी हाका मारल्या, त्यातलं एकही त्याला ठेवून घ्यावंसं वाटलं नाही का रे?’

तो म्हणजे माझा भाचा. लग्न केलं नव्हतं, आईजवळच राहायचा. रस्त्यावरच्या अपघातात गेला. मी ग्रंथालयात पुस्तकांच्या पाठींवर क्रमांक चिकटवत आयुष्य काढलेला माणूस. असल्या प्रश्नापुढे माझी लेखणी अडते. मायना लिहिला आणि कागद फाडला, परत लिहिला, परत फाडला. शेवटी भाचीचा फोन आला. “मामा, पत्र राहू दे. तू येच.”

गेलो तर मायलेकी लॅपटॉपपुढे बसलेल्या.

“बस,” ताई म्हणाली. “चष्मा आणलायस ना? का तोही विसरलास?”

भाचीनं सगळं समजावून सांगितलं. भाच्यानं आपली बचत क्रिप्टोच्या डिजिटल पाकिटात ठेवली होती. घराचे राहिलेले हप्ते यातूनच फिटतील, असं म्हणत त्यानं ताईला एकदा स्क्रीनवर आकडाही दाखवला होता. पाकीट उघडायचे बारा शब्द बहिणीकडे देऊन ठेवले होते. ते टाकले, पाकीट उघडलं, आणि शिल्लक शून्य.

“चोरी झाली?” मी विचारलं.

“आम्हीही आधी तेच धरून बसलो होतो. इंटरनेट तपासलं, ॲप काढून परत टाकलं. मग लॅपटॉपचा दुरुस्तीवाला म्हणाला, दादानं वर आणखी एक शब्द लावला असणार. तेरावा. मनातला. तो कुठंच लिहिलेला नाही.”

“पण चुकीचा टाकला, तर चूक आहे असं सांगत असेल ना ते?”

“तिथंच तर गोची आहे, मामा. ते काही बोलतच नाही. कुठलाही शब्द टाक, निमूट एक पाकीट उघडून देतं. प्रत्येक शब्दाचं वेगळं. फक्त रिकामं.”

“त्यापेक्षा तोंडावर दार आपटलं असतं तर परवडलं असतं,” ताई म्हणाली. “हे दार उघडतं आणि आत कुणी नाही.”

ताईनं आतापर्यंत काय काय टाकून पाहिलं, ते भाचीनं सांगितलं. पिल्लू. राजा. बाबांचं नाव. आईचं माहेरचं नाव. मांजराचंसुद्धा.

“आणि ठोंब्या,” भाची म्हणाली.

“ते मी लाडानं म्हणायचे.”

“हो, हातात झाडू घेऊन!”

दोघी हसल्या. ताईचं हसू अर्ध्यावरच थांबलं. ती माझ्याकडे वळली. “तुला माहीत आहे. तुम्ही दोघं कायम कुजबुजत असायचात. सांग.”

मला एक शब्द माहीत होता. पत्र वाचतानाच आठवला होता, आणि उत्तर अडलं होतं तेही त्याच्यामुळेच. भाचा लहान असताना ताईकडे पाहुणे आले, की तो आणि मी जिन्याखालच्या अडगळीत जाऊन वाचत बसायचो. त्या जागेला तो बोगदा म्हणायचा. तोच शब्द बरोबर निघाला, तर आईची जागा मामानं घेतली असं होणार. चुकला, तर मीही त्याचा कुणी नव्हतो. मला दोन्हींची भीती वाटत होती.

“बोगदा,” मी म्हणालो.

“म्हणजे ती जिन्याखालची जागा?”

मी मान हलवली. ताईनं लॅपटॉप आपल्याकडे ओढला आणि एका बोटानं इंग्रजी अक्षरं शोधत शब्द टाकला. पाकीट उघडलं. शून्य. भाचीनं अक्षरं कमीजास्त करून पाहिली. तरीही शून्यच.

“तुझाही नाही,” ताई म्हणाली. तिच्या आवाजात मला सुटका ऐकू आली. तिलाही ती ऐकू आली असावी, कारण तिनं पटकन माझ्या हातावर हात ठेवला. “म्हणजे आपल्या कुणाचाच नाही.”

“हप्त्यांचं मी बघते, आई,” भाची म्हणाली आणि तिनं लॅपटॉप मिटला.

निघताना ताई दारापर्यंत आली. काहीतरी बोलावं असं मला फार वाटत होतं. मी बस किती वाजता आहे ते विचारलं.

घरी आल्यावर लिहायला बसलो. या वेळी कागद फाडला नाही.

‘ताई, तो शब्द मला माहीत नाही. पण जिन्याखालची एक गोष्ट सांगायची राहिली. तू त्याला हाका मारत यायचीस. मी उठायला लागलो, की तो माझा सदरा धरून ठेवायचा. तू पुढे निघून गेलीस, की म्हणायचा, “थांब ना मामा, ती परत हाक मारेल.” आणि तू मारायचीस, दर वेळी वेगळ्या नावानं. तो पुस्तकासाठी लपतो असं मला वाटायचं. पण त्याच्या पुस्तकाचं पान तेवढा वेळ उलटत नसे. गुडघ्यांना शेक देत जा.’

पोस्टाच्या पेटीच्या फटीत पाकीट अर्धं सारून मी तसाच उभा राहिलो. मागे एक बाई आपलं पत्र घेऊन थांबली होती.

“टाकताय ना, आजोबा?”

“हो हो,” मी म्हणालो, आणि पाकीट सोडलं.